पृष्ठभागाचा हुकूम किती खोलवर चालतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ५सीबी हा द्रवस्फटिक दोन काचांमधल्या फटीत भरलेले दोन सेल तुमच्याकडे आहेत, दोन्हींची जाडी साधारण ५ मायक्रोमीटर. पहिल्याच्या काचांवर पॉलिइमाइड या पॉलिमरचा एका दिशेत घासलेला थर आहे, दुसऱ्याच्या काचा नुसत्या धुतलेल्या आहेत. पहिला सेल तुम्ही हॉट स्टेजवर ३६.५ अंशांपर्यंत नेला. ५सीबीची नेमॅटिक अवस्था, म्हणजे रेणू साधारण एकाच दिशेत लागलेले असतात ती, ३५.३ अंशांच्या आसपास संपते. म्हणजे इथे द्रव समदिक्, सगळ्या दिशांना सारखा, व्हायला हवा आणि काटकोनात ठेवलेल्या पोलरायझरांमध्ये काळोख दिसायला हवा. तसा तो दिसत नाही, राखाडी उजेड उरतो. हीच का पृष्ठभागाने लादलेली रेणूंची शिस्त, असं तुम्ही विचारलं आहे. शिवाय जाता जाता एका ओळीत लिहिलं आहे की दुसऱ्या सेलमध्ये गरम करून थंड केल्यावर धाग्यांसारखे दोष 'बहुतेक त्याच जागी' परत येतात.

पहिल्या निरीक्षणात पृष्ठभागाचा वाटा इतका लहान असणार की तो डोळ्यांना दिसायचा नाही. दुसरं निरीक्षण मात्र सगळंच्या सगळं पृष्ठभागाचं आहे, आणि तुम्ही ते एका ओळीत संपवलं याचं मला वाईट वाटलं. आता कारणं सांगतो.

पृष्ठभाग द्रवस्फटिकावर दोन वेगवेगळ्या गोष्टी लादतो. एक म्हणजे दिशा: रेणूंनी सरासरीने कुठे तोंड करून राहायचं. दुसरी म्हणजे शिस्तीचं प्रमाण: त्या दिशेशी ते किती काटेकोरपणे जुळायचं, ज्याला आपण ऑर्डर पॅरामीटर म्हणतो. दोन्हींना 'अलाइनमेंट' हा एकच शब्द वापरायची सवय आहे आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. दोन्हींची खोली मोजायची पट्टी वेगळी आहे.

आधी दिशा. ५सीबीचा रेणू साधारण २ नॅनोमीटर लांब. काचेवरच्या पॉलिमरचं आणि त्याचं थेट आकर्षण फार तर काही नॅनोमीटरपर्यंत पोहोचतं. तरीही ५ काय, ५० मायक्रोमीटर जाडीचा थरसुद्धा एका दिशेत लागतो. हे काम काच करत नाही, नेमॅटिकची स्वतःची स्थितिस्थापकता करते. पंगतीत पहिला पाट ज्या रेषेत मांडला जातो त्या रेषेत पुढचे पाट लागत जातात. यजमानाला प्रत्येक पाटाशी जाऊन उभं राहावं लागत नाही. इथे शेजाऱ्याशी तिरकं राहायला ऊर्जा खर्च होते, म्हणून पहिल्या थराची दिशा आतवर झिरपते. ही स्थितिस्थापकता ५सीबीत सरासरी ६ पिकोन्यूटन धरा. आकडा चिमुकला आहे, पण तिला विरोध करणारं दुसरं काही नसतं.

पृष्ठभागाची पकड किती घट्ट, हे अँकरिंग ऊर्जा सांगते. स्थितिस्थापकतेला तिने भागलं की एक लांबी मिळते. भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांनी रुजवलेली ही लांबी मला या विषयातली सगळ्यात उपयोगी राशी वाटते. अँकरिंग दर चौरस मीटरला १ मिलिज्यूल असेल तर ही लांबी ६ नॅनोमीटर, ०.१ मिलिज्यूल असेल तर ६० नॅनोमीटर, ०.०१ असेल तर ६०० नॅनोमीटर. थराची जाडी या लांबीपेक्षा कितीतरी जास्त असेल तर पृष्ठभाग 'पक्का' समजायचा. जाडी आणि ही लांबी जवळजवळ आल्या की थर पृष्ठभागाशी घासाघीस करू लागतो. म्हणजे 'पातळ थर' ही संज्ञा निव्वळ नॅनोमीटरमध्ये सांगता येत नाही. कमजोर अँकरिंगवर अर्ध्या मायक्रोमीटरचा थरही पातळच.

ही पकड येते कुठून, याचा इतिहास मला फार आवडतो. मोगँ यांनी १९११ मध्येच काचांमध्ये पीळ पडलेल्या नेमॅटिकचा प्रकाशीय अभ्यास केला होता. शातलाँ यांनी १९४३ मध्ये काच घासून रेणू एका दिशेत लागतात हे नीट मांडलं. का लागतात, याचं पहिलं ठोस गणित १९७२ मध्ये बेरमन यांनी दिलं: घासल्याने बारीक खाचा पडतात, खाचांना आडवं राहायचं तर डायरेक्टरला, म्हणजे रेणूंच्या सरासरी दिशेला, वर-खाली वाकावं लागतं, ते महाग पडतं, म्हणून रेणू खाचांच्या लांबीला धरून झोपतात. अतिशय देखणा युक्तिवाद आहे. पण त्यात आकडे घालून बघा. खाचा १ नॅनोमीटर उंच आणि एकमेकींपासून १०० नॅनोमीटरवर असतील तर पकड येते सुमारे ०.०००४ मिलिज्यूल. घासलेल्या पॉलिइमाइडवर काचेच्या प्रतलातली पकड प्रत्यक्षात ०.०१ ते ०.१ मिलिज्यूल इतकी मोजली जाते. शंभर पटींचा फरक आहे. खाचा २० नॅनोमीटरवर आणल्या तर गणित ०.०५ पर्यंत चढतं, कारण अंतराचा घन छेदात आहे. पण मखमलीच्या कापडाने इतक्या दाट, एकसारख्या खाचा पडत नाहीत.

मग खरं कारण काय? गिअरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं की पॉलिमरच्या साखळ्या ताणल्या जाऊन एका दिशेत लागणं महत्त्वाचं आहे. १९९५ मध्ये काचेला जवळजवळ समांतर सोडलेल्या क्ष-किरणांनी घासलेल्या पॉलिइमाइडचा पृष्ठभागालगतचा भाग तपासला गेला, तेव्हा वरच्याच थरातल्या साखळ्या घासण्याच्या दिशेत वळलेल्या स्पष्ट दिसल्या. रेणू त्या साखळ्यांना बिलगतात आणि पुढची रांग लागते. खाचांचं गणित यामुळे खोटं ठरत नाही. तिरक्या कोनात बाष्प सोडून चढवलेल्या सिलिकॉन ऑक्साइडवर किंवा मुद्दाम कोरलेल्या जाळ्यांवर पृष्ठभागाच्या आकाराचाच प्रभाव मोठा असतो. पण तुमच्या पहिल्या सेलमध्ये मामला साखळ्यांचा आहे.

आता शिस्तीचं प्रमाण, ज्याबद्दल तुमचा मूळ प्रश्न आहे. समदिक् अवस्थेत आतल्या द्रवाला स्वतःची दिशा नसते, पण काचेलगत थोडी शिस्त उरते आणि आत जाताना ती विरत जाते. किती खोलवर विरते, ती सहसंबंध लांबी. समदिक् अवस्था जिथे पूर्ण अस्थिर होईल असं एक काल्पनिक तापमान असतं, ते प्रत्यक्ष बदलापेक्षा अंशभराने खाली, म्हणजे ५सीबीत सुमारे ३४.२ वर. त्यापासून आपण जितके लांब, तितकी ही लांबी वर्गमुळाच्या हिशेबाने कमी. बदलाच्या अगदी वर ती १० नॅनोमीटरच्या आसपास भरते, ३६.५ वर ७-८, आणि ४५ वर ३-४.

आता तुमच्या सेलचा हिशेब करू. काचेला टेकलेल्या रेणूंचा ऑर्डर पॅरामीटर ०.३ धरू, म्हणजे तिथलं द्विअपवर्तन, ध्रुवणाच्या दोन दिशांच्या अपवर्तनांकांतला फरक, सुमारे ०.१. ते ८ नॅनोमीटरमध्ये विरतं, म्हणजे एका काचेमागे ०.८ आणि दोन्ही मिळून दीड-दोन नॅनोमीटर इतका प्रकाशीय पथाचा फरक. हिरव्या प्रकाशात, सेल ४५ अंशांत फिरवून सगळ्यात उजळ स्थितीत ठेवला, तरी पलीकडे पोहोचेल तो साधारण दहा हजारांत एक भाग. साध्या मायक्रोस्कोपात भिंगांमधला ताण आणि त्यांचे वक्र पृष्ठभाग यांतूनच याहून जास्त उजेड गळतो. तुम्हाला राखाडी छटा नजरेला दिसते आहे, म्हणजे तिथे पाच-पन्नास नॅनोमीटरचा फरक आहे. काचेलगतच्या शिस्तीच्या आवाक्याबाहेरची ही गोष्ट आहे.

हा परिणाम खोटा आहे असं मी म्हणत नाही, तो बारीक आहे इतकंच. मियानो यांनी १९७९ मध्ये तो मोजून दाखवला, शेन यांच्या गटाने १९८६ मध्ये काचेलगतच विरून जाणाऱ्या प्रकाशलहरी वापरून आणखी नेमका पकडला. पण तिथे प्रकाशाचं ध्रुवण वेगाने बदलून गोंगाटातून क्षीण संकेत वेगळा काढणाऱ्या लॉक-इन यंत्राने नॅनोमीटरचा अंश वाचायची सोय होती.

मग तुमचा उजेड कुठला? मला तीन ठिकाणी शंका आहे. सेल चिकटवताना यूव्ही गोंदाचे न जमलेले घटक ५सीबीत विरघळतात. मग नेमॅटिक आणि समदिक् अवस्था एका तापमानाला न बदलता अंशभराच्या पट्ट्यात एकत्र नांदतात, आणि उरलेली नेमॅटिक घासलेल्या काचेलाच चिकटून पसरते. अर्धा मायक्रोमीटर नेमॅटिक असा पसरला तर नेमकी तुमची राखाडी छटा मिळते. दुसरं, हॉट स्टेजच्या धातूत बसवलेला थर्मोकपल धातूचं तापमान सांगतो. मधल्या भोकावर काचेला खालून-वरून हवा लागते आणि तिथे ती अंश-दीड अंशाने थंड असू शकते. तिसरं, काचेतला ताण आणि खुद्द पॉलिइमाइडचं द्विअपवर्तन.

तिसऱ्या कारणाने मला सुरुवातीच्या दिवसांत दोन महिने घालवायला लावले. समदिक् अवस्थेत ६ नॅनोमीटरचा फरक उरत होता, आणि मी तो पृष्ठभागाचा म्हणून आलेख काढत बसलो होतो. मार्गदर्शकांनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "रिकामा सेल मोजला का?" मोजला नव्हता. रिकाम्या सेलमध्येही जवळजवळ तेवढेच नॅनोमीटर निघाले. माझ्या आलेखातली रेषा ३७ पासून ६० अंशांपर्यंत आडवी होती, हेच खरं तर पुरेसं सांगत होतं. काचेलगतची शिस्त तापमान वाढवलं की कमी व्हायलाच हवी. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक मोजमापाचं पहिलं पान रिकाम्या सेलचं असतं. तुम्हीही आधी तेच करा, मग सेल ४५ अंशांवर नेऊन पाहा. उजेड तसाच राहिला तर तो काचेचा. मिटला, तर तो मिसळलेल्या अवस्थेचा किंवा थंड भोकाचा.

याहून निर्णायक चाचणी हवी असेल तर पाचरीसारखा सेल बनवा: एका कडेला १२ मायक्रोमीटरची मायलर पट्टी, दुसरी कडा काचेला काच. जाडी व्यतिकरण पट्ट्यांवरून वाचता येते. पृष्ठभागाचा वाटा दोन्ही कडांना सारखाच राहतो, कारण भिंती दोनच आहेत. आतल्या द्रवात उरलेल्या नेमॅटिकचा वाटा जाडीबरोबर वाढतो. या विषयात माझा सगळ्यात जास्त विश्वास बसला असेल तर या पाचरीवर. आणखी एक सूचना, तुम्ही पुढे रेणू काचेला लंब उभे करणाऱ्या सिलेनच्या लेपाचे सेल करणार असाल म्हणून: तिथे काचेलगतची शिस्त प्रकाशाच्या वाटेला समांतर असते, त्यामुळे सरळ पाहिलं तर ती असूनही काहीच दिसत नाही. सेल तिरका ठेवूनच मोजावं लागतं.

आता तुमची ती एक ओळ.

नुसत्या धुतलेल्या काचेवर नेमॅटिकचे धागे कुठेही उगवायला हवेत. ४० अंशांवर आतला द्रव पूर्ण समदिक् झाला, आतली प्रत्येक दिशा पुसली गेली. तरी थंड केल्यावर धागे त्याच जागी येतात, म्हणजे दिशेची नोंद द्रवाबाहेर कुठेतरी शिल्लक होती. ती जागा एकच, काचेला चिकटलेला पहिला थर. नेमॅटिक अवस्थेत असताना सायनो टोकाचे ध्रुवी रेणू काचेवर बसतात, आतल्या नेमॅटिकची त्या घडीची दिशा उचलतात आणि तिथे अडकून राहतात. आतलं सगळं वितळलं तरी ते सुटत नाहीत. थंड होताना आतला द्रव दिशा शोधू लागतो, तेव्हा ती त्याला काचेवर तयार मिळते. याला पृष्ठस्मृती म्हणतात, आणि क्लार्क यांनी १९८५ मध्ये ती पृष्ठभागावरच्या रचनेशी जोडून तपासली होती.

म्हणजे इथे काच द्रवाला दिशा देते, आणि त्याआधी द्रवानेच ती काचेवर लिहून ठेवलेली असते. मला या विषयाची ओढ लागली ती याच गोष्टीमुळे. पहिला थर खरोखर वेगळा असतो याचे थेट पुरावे आहेत. १९८८ मध्ये फॉस्टर आणि फ्रॉमर यांनी ग्रॅफाइटवरच्या ८सीबीच्या (५सीबीचंच जास्त लांब शेपटीचं भावंड) पहिल्या थराची चित्रं स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपने घेतली; वर द्रवस्फटिक असताना खाली रेणू स्फटिकासारख्या ओळींत बसलेले दिसतात. त्याआधी १९८६ मध्ये प्रकाशाची वारंवारता दुप्पट होण्याच्या परिणामावरून दिसलं होतं की ध्रुवी मांडणी, म्हणजे सायनो टोकं एकाच बाजूला, ही पृष्ठभागाच्या पहिल्या थरापुरतीच असते. पुढे रेणू उलट-सुलट जोडीने राहतात आणि ध्रुवीयता संपते.

आता 'पातळ' म्हणजे खरोखर पातळ थराबद्दल, कारण तुम्हाला पुढे तिकडे जायचं आहे असं प्रश्नावरून वाटतं. जाडी शंभर नॅनोमीटरच्या खाली गेली की दोन्ही भिंतींच्या शिस्तीचे थर एकमेकांना भेटू लागतात. शेंग यांनी १९७६ मध्ये गणिताने दाखवलं की भिंत पुरेशी शिस्त लादत असेल तर पातळ थरात बदलाचं तापमान वर सरकतं, आणि एका ठरावीक जाडीच्या खाली नेमॅटिक ते समदिक् ही उडीच राहत नाही, बदल सलग होतो. याच्या उलटही घडतं. खडबडीत पृष्ठभाग शिस्त मोडतो आणि तापमान खाली ओढतो. म्हणून 'पातळ थरात तापमान वाढतं' असं कुठे सरसकट वाचलंत तर भिंत कोणती होती ते आधी पाहा.

एक बाजू मोकळी असेल तर आणखी रंगत येते. ५सीबीचे रेणू हवेच्या पृष्ठाला लंब उभे राहतात, पाण्यावर किंवा ग्लिसरीनवर मात्र आडवे झोपतात. त्यामुळे ग्लिसरीनवर पसरलेल्या थरात खालून वर दिशा वळत जावी लागते. पण थर पातळ होत गेला की हे वळण परवडेनासं होतं. दोन्ही पृष्ठभागांच्या त्या पकड-लांब्यांतला फरक हीच सीमा: एका बाजूची ६०० आणि दुसरीची ६० असेल तर ५४० नॅनोमीटरखाली घट्ट पकडीची बाजू सगळा थर आपल्या दिशेत ओढते, असं साधं गणित सांगतं. प्रत्यक्षात मायक्रोमीटरपेक्षा पातळ थरांत सरळ शरणागतीऐवजी समांतर पट्टे उमटतात. डायरेक्टर आडवाही डोलून ऊर्जा वाचवतो, आणि एरवी हिशेबातून गळणारी, पृष्ठभागावर जमा होणारी एक स्थितिस्थापकता इथे ठळक होते.

लांब शेपटीच्या रेणूंत मोकळा पृष्ठभाग थरही रचतो. १२सीबीच्या समदिक् द्रवावर हवेलगत स्मेक्टिक, म्हणजे रेणूंचे एकावर एक रचलेले, थर एकामागून एक, अगदी मोजता येतील असे वाढतात, हे १९८६ मध्ये क्ष-किरण परावर्तनाने दिसलं. चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक १९७७ मध्ये बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांनी शोधले. त्यांच्यातही हाच पेच आहे: दोन काचांमध्ये चकत्यांचे स्तंभ काचेवर उभे राहतात, वरची काच काढली की बहुधा आडवे होऊ पाहतात. विद्युतवाहक थर बनवणाऱ्यांची मोठी मेहनत या एका वळणावर खर्च होते.

कामाला लागताना दोन गोष्टी जपा. सेल भरताना ५सीबी ४० अंशांच्या वर समदिक् असू द्या आणि मिनिटाला अर्ध्या अंशापेक्षा सावकाश थंड करा. नेमॅटिक अवस्थेत भरलं तर प्रवाहाची दिशा काचेवर लिहिली जाते, आणि पृष्ठस्मृतीमुळे ती तुमचा पिच्छा सोडत नाही. दुसरं, आपल्याकडच्या पावसाळ्यात धुतलेली काच तासाभरात बाष्पाचा थर धरते आणि अँकरिंग बदलतं. जुलैमधले आणि जानेवारीतले सेल जुळेनात तर आधी काचा १२० अंशांवर वाळवून लगेच वापरा, मग सिद्धान्ताकडे वळा.

आणि दुसऱ्या सेलचा नीट प्रयोग करा. एका ठिकाणचे धागे फोटोत टिपा. नेमॅटिक अवस्थेत एकदा १० मिनिटं, एकदा तासभर, एकदा रात्रभर ठेवून, दर वेळी ४० अंशांवर ५ मिनिटं थांबून परत या. मग हेच ६० आणि ८० अंशांवर करा. प्रत्येक फेरीला नवा सेल घ्या, कारण वापरलेल्या काचेवर आधीची नोंद असते. किती धागे जागेवर परततात ते मोजलंत की पहिला थर किती वेळात बसतो आणि किती तापमानाला सुटू लागतो, हे तुमच्याच काचेसाठी तुम्हाला कळेल. यासाठी लॉक-इन लागत नाही, जो मायक्रोस्कोप आहे तो पुरेल.